एकाच वेळी अनेक पुरवठादारांची देणी : ओपन बँकिंगची संकल्पना आणि उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील लघुउद्योग

गोषवारा

एका खात्यातून अनेक पुरवठादारांची देणी एकाच वेळी भागविणे ही लघुउद्योगांची नित्याची गरज आहे. युरोपात ही गरज ओपन बँकिंगच्या चौकटीतून भागविण्याचा मार्ग २०१८ पासून खुला झाला. भारतात मात्र खात्याची माहिती मिळविण्याची व्यवस्था आणि खात्यातून पैसे देण्याची व्यवस्था या दोन स्वतंत्र मार्गांनी विकसित झाल्या. प्रस्तुत लेखात या दोन्ही व्यवस्थांचे स्वरूप स्पष्ट करून उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या औद्योगिक पट्ट्यातील लघुउद्योगांच्या संदर्भात त्यांची उपयुक्तता व मर्यादा तपासल्या आहेत. तंत्रज्ञानामुळे देणी एकत्र पाठविता येतात. परंतु कोणाचे देणे आधी द्यावयाचे हा निर्णय उद्योजकाकडेच राहतो आणि लहान पुरवठादाराचे हित त्या निर्णयावर अवलंबून असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : ओपन बँकिंग, सामूहिक अदायगी, अकाउंट अ‍ॅग्रिगेटर, लघुउद्योग, विलंबित देणी.

१. प्रस्तावना

व्यापारात उधारी ही अपवादात्मक बाब नसून ती व्यवहाराची रीत आहे. कच्चा माल आज येतो, पक्का माल महिन्याभराने विकला जातो आणि त्याचे पैसे आणखी काही आठवड्यांनी हाती येतात. या मधल्या काळात उद्योजक एकीकडे येणेकरी असतो, तर दुसरीकडे देणेकरी. पैसे हाती आले की एकाच दिवशी दहा-पंधरा पुरवठादारांची देयके चुकती करावी लागतात. पूर्वी या दिवशी धनादेशपुस्तिका बाहेर निघे; मालक एकामागून एक धनादेशांवर सह्या करी आणि हिशेबनीस त्यांची नोंद वहीत घेई. आज त्याच कामासाठी संगणकावर एक यादी तयार होते आणि ती बँकेच्या संकेतस्थळावर चढविली जाते. साधन बदलले, पण यादी कोणाची, कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या संमतीने, हे मूळ प्रश्न कायम आहेत.

२. औद्योगिक पार्श्वभूमी

मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही ठाणे जिल्ह्यातील तीन शहरे ओळीने येतात. तिन्हींची औद्योगिक घडण मात्र वेगवेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कल्याण येथील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही शहराचे भाग 'कॅम्प' या नावाने आणि १ ते ५ या क्रमांकांनी ओळखले जातात. घराघरांतून व गाळ्यांतून वाढलेला तयार कपड्यांचा, विशेषतः जीन्सचा, धंदा आणि फर्निचरचा बाजार ही या शहराची ओळख आहे. अंबरनाथ येथे आगपेट्यांचा विमको कारखाना आणि आयुध निर्माणी यांच्या जोडीने महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे क्षेत्र उभे राहिले. तेथे रासायनिक व अभियांत्रिकी उद्योग आहेत. बदलापूर येथेही महामंडळाची वसाहत असून तेथे रासायनिक उद्योगांचे प्रमाण लक्षणीय आहे.

या भिन्नतेचा देण्याघेण्यावर थेट परिणाम होतो. रासायनिक कारखान्याचे पुरवठादार तुलनेने मोजके असतात आणि प्रत्येक देयकाची रक्कम मोठी असते. जीन्सच्या धंद्यात याच्या उलट स्थिती असते. कापड एकाकडून, दोरा दुसऱ्याकडून, चेन व बटणे तिसऱ्याकडून येतात. शिलाई, भरतकाम व धुलाई मजुरीवर निरनिराळ्या ठिकाणी होते. एका पँटमागे अनेक हात असतात आणि प्रत्येक हाताचे स्वतंत्र देयक असते. म्हणूनच एकत्रित अदायगीची निकड मोठ्या कारखान्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, छोट्या गाळ्याला भासते.

३. ओपन बँकिंग : संकल्पना

ग्राहकाच्या खात्याची माहिती ही बँकेची मालमत्ता नसून ती ग्राहकाची आहे; म्हणून ग्राहकाच्या संमतीने ती अन्य अधिकृत संस्थेस ठरावीक तांत्रिक मार्गाने उपलब्ध झाली पाहिजे, हे ओपन बँकिंगचे मूळ तत्त्व आहे. युरोपीय संघाने २०१५ मध्ये संमत केलेला आणि जानेवारी २०१८ पासून लागू झालेला दुसरा अदायगी सेवा निर्देश या तत्त्वावर आधारलेला होता. ब्रिटनमध्ये स्पर्धा नियामकाने २०१७ मध्ये काढलेल्या आदेशान्वये नऊ मोठ्या बँकांना समान तांत्रिक मानके स्वीकारावी लागली.

या चौकटीत दोन स्वतंत्र सेवा येतात. पहिली सेवा खात्याची माहिती वाचण्याची. तिच्या साहाय्याने उद्योजकाला निरनिराळ्या बँकांतील शिल्लक एका ठिकाणी पाहता येते. दुसरी सेवा ग्राहकाच्या वतीने अदायगीचा आदेश देण्याची. तिच्यात बँकेबाहेरील अधिकृत संस्था, उदाहरणार्थ लेखांकन प्रणाली पुरविणारी कंपनी, देयकांची यादी थेट बँकेकडे पाठवू शकते आणि ग्राहक तिला मंजुरी देतो.

ब्रिटनच्या मानकांत सामूहिक अदायगीचे दोन प्रकार मानले आहेत. एकाच खात्यातून, एकाच दिवशी, एकाच चलनात व एकाच अदायगी प्रणालीद्वारे अनेकांना पैसे देणे हा पहिला प्रकार. देणारी खाती एकाहून अधिक असणे आणि दिनांक, चलन वा प्रणाली भिन्न असू शकणे हा दुसरा प्रकार. लघुउद्योगाच्या दृष्टीने पहिला प्रकार महत्त्वाचा, कारण त्यात यादी एक, मंजुरी एक आणि लाभार्थी अनेक अशी रचना असते.

४. भारतीय व्यवस्था : पाहणे आणि देणे

भारतात यातील पहिल्या सेवेशी समांतर व्यवस्था म्हणजे अकाउंट अ‍ॅग्रिगेटर. भारतीय रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१६ मध्ये त्याविषयीचे निर्देश प्रसृत केले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ही व्यवस्था प्रत्यक्ष कार्यान्वित झाली. अकाउंट अ‍ॅग्रिगेटर ही बिगर-बँक वित्तीय कंपनी असते. ग्राहकाने दिलेल्या संमतीनुसार ती एका संस्थेकडील माहिती दुसऱ्या संस्थेकडे पोहोचविते. ती माहिती स्वतः वाचू शकत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये वस्तू व सेवा कर नेटवर्कचाही माहिती पुरविणाऱ्या संस्थांत समावेश झाला. त्यामुळे छोट्या उद्योजकाची विक्रीची विवरणपत्रे कर्ज देणाऱ्या संस्थेसमोर त्याच्या संमतीने येऊ शकतात.

तथापि २०१६ च्या निर्देशांत एक स्पष्ट मर्यादा घातलेली होती : अकाउंट अ‍ॅग्रिगेटरने ग्राहकाच्या व्यवहारांस साहाय्य करावयाचे नाही. म्हणजे ही व्यवस्था खाते दाखविते, पण खात्यातून पैसे देत नाही. घराच्या खिडकीतून आत पाहता येते, पण त्या खिडकीतून सामान बाहेर नेता येत नाही, तसाच हा प्रकार होय.

पैसे देण्याचा मार्ग भारतात वेगळ्या रीतीने खुला झाला. प्रत्येक बँकेवर आपले दार बाहेरच्यांस उघडण्याची सक्ती करण्याऐवजी सर्व बँकांना जोडणाऱ्या सामाईक प्रणाली रिझर्व्ह बँकेने व भारतीय राष्ट्रीय देयके महामंडळाने उभारल्या. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेली यूपीआय ही त्यांपैकी सर्वाधिक परिचित प्रणाली. एका बँकेचे खाते दुसऱ्या कंपनीच्या अ‍ॅपमधून वापरता येणे, हा ओपन बँकिंगचा लाभ सामान्य नागरिकाला यूपीआयमुळे मिळाला. परंतु यूपीआयचे नेहमीचे अ‍ॅप एका वेळी एकाला पैसे देण्यासाठी घडविलेले आहे. पंधरा पुरवठादारांची यादी एका मंजुरीने चुकती करणे हे त्याचे काम नव्हे.

५. सामूहिक अदायगीची उपलब्ध साधने

एकत्रित देण्यांची परंपरा भारतात यूपीआयपेक्षा जुनी आहे. १९९० च्या दशकात रिझर्व्ह बँकेने इलेक्ट्रॉनिक क्लिअरिंग सेवा सुरू केली. एक खाते नावे आणि अनेक खाती जमा, ही तिची रचना लाभांश, व्याज व वेतन यांच्या वाटपासाठी वापरली गेली. पुढे तिची जागा राष्ट्रीय देयके महामंडळाच्या नाच या प्रणालीने घेतली; १ ऑगस्ट २०२१ पासून ती सुटीच्या दिवशीही चालू असते.

पुरवठादारांच्या देण्यांसाठी मात्र एनईएफटी व आरटीजीएस ही साधने अधिक वापरात आहेत. मार्च २००४ मध्ये सुरू झालेल्या आरटीजीएसमध्ये किमान दोन लाख रुपयांचा व्यवहार स्वतंत्रपणे व तत्काळ पुरा होतो. नोव्हेंबर २००५ मध्ये आलेल्या एनईएफटीमध्ये किमान मर्यादा नाही; तेथे व्यवहारांचे गट करून दर अर्ध्या तासाने समायोजन होते. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस अहोरात्र उपलब्ध झाली. रविवारी कारखान्याचा हिशेब पाहणाऱ्या मालकाला याचा लाभ झाला.

प्रत्यक्षात उद्योजक या प्रणालींपर्यंत आपल्या बँकेच्या द्वारेच पोहोचतो. त्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, बँकेच्या व्यावसायिक नेटबँकिंगवर ठरावीक नमुन्यातील फाइल चढविणे. दुसरा, लेखांकन प्रणाली व बँक यांची थेट जोडणी. तीत देयकाची नोंद होताच अदायगीचा आदेश तयार होतो. तिसरा, मध्यस्थ कंपनीच्या व्यासपीठावरून देणी पाठविणे. यांपैकी दुसरा मार्ग ओपन बँकिंगच्या सर्वांत जवळचा आहे. मात्र तो कायद्याने मिळालेला सार्वत्रिक हक्क नसून बँक व ग्राहक यांच्यातील कराराचा भाग आहे. एखाद्या उद्योजकाची खाती एका राष्ट्रीयीकृत बँकेत आणि एका नागरी सहकारी बँकेत असतील, तर दोन्ही ठिकाणी सारखी सोय मिळेलच असे नाही आणि दोन्ही बँकांच्या फाइलचा नमुनाही वेगळा असू शकतो. कल्याण-डोंबिवली परिसरात नागरी सहकारी बँकांची परंपरा जुनी असल्याने हा मुद्दा येथे विशेष लागू पडतो.

६. यादीतील क्रम : एक काल्पनिक उदाहरण

सामूहिक अदायगीचे खरे स्वरूप एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. उल्हासनगरातील जीन्स शिवून घेणाऱ्या एका उद्योजकाची देणी पुढीलप्रमाणे आहेत असे समजू : कापड व्यापारी ४,२०,००० रुपये, धुलाई १,१०,०००, शिलाईचे दोन कारागीर प्रत्येकी ४५,०००, चेन व बटणे ६०,०००, भरतकाम ४८,०००, दोरा ३५,०००, वाहतूक २२,०००, लेबले १५,०००. एकूण नऊ जणांचे ८,००,००० रुपये देणे असून खात्यात ५,००,००० रुपये शिल्लक आहेत.

यादीत कापड व्यापाऱ्याचे नाव प्रथम असेल आणि त्याला पूर्ण रक्कम दिली गेली, तर उरलेल्या आठ जणांच्या ३,८०,००० रुपयांसाठी खात्यात केवळ ८०,००० रुपये राहतात. उलट क्रम लावल्यास आठही जणांची देणी पूर्ण चुकती होऊन कापड व्यापाऱ्याला १,२०,००० रुपये अंशतः देता येतात. दोन्ही पर्यायांत खर्च होणारी रक्कम पाच लाखांहून अधिक नाही; परंतु पहिल्या पर्यायात बहुतेक लहान पुरवठादार रिकाम्या हाती राहतात, तर दुसऱ्यात एक मोठा पुरवठादार काही काळ थांबतो.

बाजाराचा कल बहुधा पहिल्या पर्यायाकडे असतो, कारण कापड व्यापाऱ्याने माल रोखून धरला तर काम बंद पडते. शिलाई कारागिराजवळ असे दडपण आणण्याचे साधन नसते. बँकेच्या प्रणालीला हा भेद कळत नाही. शिल्लक अपुरी असल्यास काही व्यवस्थांत संपूर्ण फाइल नाकारली जाते, तर काहींत पैसे असेपर्यंतच्या ओळी पुऱ्या होऊन उरलेल्या परत येतात. दुसऱ्या प्रकारात यादीतील क्रम हाच निर्णय ठरतो. मग तो क्रम कोणी विचारपूर्वक लावलेला असो वा संगणकाने अकारविल्हे लावलेला असो.

७. कायद्याने घालून दिलेला क्रम

या निर्णयाला कायद्याचीही बाजू आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम २००६ च्या कलम १५ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे देणे लेखी करारातील मुदतीत द्यावे लागते आणि ही मुदत माल वा सेवा स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. लेखी करार नसल्यास ही मुदत १५ दिवसांची असते. विलंब झाल्यास कलम १६ अन्वये रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ पद्धतीने व्याज देय होते. २०२३ च्या वित्त अधिनियमाने तत्कालीन प्राप्तिकर अधिनियमाच्या कलम ४३ब मध्ये भर घालून कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून अशी मुदतबाह्य देणी प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच खर्च म्हणून वजा मिळतील, अशी तरतूद केली. त्यामुळे जुन्या कायद्याला नवी धार आली.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. जुलै २०२१ मध्ये व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली ती अग्रक्रम क्षेत्रातील कर्जाच्या लाभापुरती. विलंबित देण्यांबाबतचे संरक्षण उत्पादक व सेवा पुरविणाऱ्या उद्योगांसाठी आहे. वरील उदाहरणातील कापडाचा निव्वळ व्यापारी या संरक्षणात येत नाही. शिलाई, धुलाई वा भरतकाम करणारा, त्याने उद्यम नोंदणी केलेली असल्यास, येतो. म्हणजे बाजार ज्याला प्रथम स्थान देतो त्याला कायदा देत नाही आणि कायदा ज्याला प्रथम स्थान देतो तो बाजारात शेवटी उभा असतो. अडचण अशी की अनेक लहान कारागीर नोंदणीच करीत नाहीत. परिणामी कायद्याचे संरक्षण त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

८. खाते क्रमांकाची चूक आणि नावाची पडताळणी

एकत्रित अदायगीत चूकही एकत्रित होते. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१० मध्ये स्पष्ट केल्यानुसार इलेक्ट्रॉनिक व्यवहारात केवळ खाते क्रमांकाच्या आधारे रक्कम जमा करता येते. नाव जुळते की नाही हे पाहण्याचे बंधन त्यात नव्हते. म्हणून यादीतील एक ओळ खाली सरकली तर नाव एकाचे आणि खाते दुसऱ्याचे, असे अनेक व्यवहार एका मंजुरीने होऊ शकतात. पुरवठादाराच्या नावाने बनावट पत्र पाठवून 'आमचे खाते बदलले आहे' असे कळविणे, हा फसवणुकीचा परिचित प्रकारही याच त्रुटीचा लाभ घेतो.

यावर ब्रिटनमध्ये मोठ्या बँकांनी २०२० पासून नावाच्या पडताळणीची सोय केली. भारतात रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ रोजी बँकांना निर्देश देऊन एनईएफटी व आरटीजीएससाठी अशी सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत विनामूल्य उपलब्ध करण्यास सांगितले. खाते क्रमांक व आयएफएससी दिल्यावर खातेदाराचे नाव पाठविणाऱ्याला दिसते. या सोयीचा योग्य उपयोग पैसे पाठविण्याच्या क्षणी नव्हे, तर पुरवठादाराचे नाव यादीत प्रथम दाखल करताना किंवा त्याचे खाते बदलताना होतो. एकदा पडताळलेली यादी हीच सामूहिक अदायगीची पायाभूत वही होय.

त्याचबरोबर यादी तयार करणारा व तिला मंजुरी देणारा या दोन व्यक्ती भिन्न असाव्यात, ही बँकिंगमधील जुनी शिस्त लहान गाळ्यातही पाळता येते. हिशेबनिसाने फाइल चढवावी आणि मालकाने आपल्या सांकेतिक क्रमांकाने ती मंजूर करावी. वेळ वाचावा म्हणून मालकाचा सांकेतिक क्रमांक हिशेबनिसाकडेच ठेवण्याची प्रथा ही शिस्त निरर्थक करते.

९. पुरवठादाराच्या बाजूने

पुरवठादाराच्या दृष्टीने पैसे जमा होणे हा अर्धाच व्यवहार असतो. जमा रक्कम कोणत्या बीजकाची, करकपात किती, परत केलेल्या मालाची वजावट किती, हे त्याला समजले पाहिजे. सामूहिक फाइलमधील तपशिलाच्या रकान्यात बीजक क्रमांक लिहिणे ही क्षुल्लक वाटणारी बाब दोन्ही बाजूंचा ताळमेळ सुलभ करते. तो रिकामा ठेवला, तर अदायगी क्षणात होते आणि तिचा अर्थ लावण्यासाठी आठवडाभर दूरध्वनी करावे लागतात.

अंबरनाथ व बदलापूर येथील जे लघुउद्योग मोठ्या कंपन्यांना माल देतात, त्यांच्यासाठी ट्रेड्स ही आणखी एक व्यवस्था आहे. २०१७ पासून चालू असलेल्या या व्यासपीठांवर खरेदीदाराने मान्य केलेले बीजक वित्तसंस्था बोलीने घेते; पुरवठादाराला पैसे आधी मिळतात आणि खरेदीदार नियत दिवशी वित्तसंस्थेचे देणे फेडतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने २५० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत येथे नोंदणी बंधनकारक केली. पूर्वी ही मर्यादा ५०० कोटी होती. परंतु नोंदणी बंधनकारक असली तरी प्रत्येक बीजक तेथे मान्य करण्याची सक्ती त्यातून होत नाही. येथेही अंतिम निर्णय खरेदीदाराच्या हाती राहतो.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) अकाउंट अ‍ॅग्रिगेटर व्यवस्था खात्याची माहिती संमतीने खुली करते. सामूहिक अदायगी मात्र बँकांच्या स्वतःच्या सोयींतून आणि राष्ट्रीय प्रणालींतून होते. युरोपीय अर्थाने परिपूर्ण ओपन बँकिंग गृहीत धरून भारतीय उद्योजकास सल्ला देणे दिशाभूल करणारे ठरेल.

(२) निरनिराळ्या बँकांच्या फाइलचा नमुना समान झाल्यास आणि नागरी सहकारी बँकांच्या ग्राहकांनाही थेट जोडणीची सोय मिळाल्यास या तीन शहरांतील लहान उद्योजकांचे श्रम लक्षणीय प्रमाणात कमी होतील.

(३) देण्यांची यादी तयार करताना पुरवठादाराची उद्यम नोंदणी, माल स्वीकारल्याचा दिनांक आणि मुदत संपण्याचा दिनांक हे तीन रकाने ठेवावेत आणि यादीचा क्रम मुदतीनुसार लावावा. यासाठी नव्या तंत्रज्ञानाची गरज नाही. साधा तक्ता पुरेसा आहे.

(४) वाणिज्य शाखेच्या अध्यापनात धनादेश व हुंडी यांच्या जोडीने सामूहिक अदायगीची फाइल, नावाची पडताळणी आणि ४५ दिवसांची तरतूद यांचा प्रात्यक्षिकासह समावेश व्हावा. या परिसरातील महाविद्यालयांचे अनेक विद्यार्थी पुढे याच गाळ्यांत व कारखान्यांत हिशेबनीस म्हणून काम करतील. यादी तेच करणार आहेत. शिलाई कारागिराचे नाव त्या यादीत कितव्या ओळीवर येते, याचे त्याच्या घरी काय परिणाम होतात, हे त्यांना वर्गातच समजणे इष्ट आहे.